झाकणाला डकवलेलं पत्र

४ मार्च, बुधवार

धाकटे,

आणि वर तोंड करून विचारतेस, "बाटल्या संपल्या असतील, आणखी पाठवू का?" पाठव की. पेटीभर पाठव. मोरी अजून तुंबलेली नाही. आधीच्या पेटीतल्या एकवीस बाटल्या मी काल तिथंच ओतल्या. एकेक बूच दातांनी उपटलं आणि प्रत्येक बुचाला तुझं नाव घेतलं. तुला उचक्या लागल्या असतील तर त्या माझ्याच.

मधली दवाखान्यात आहे. नीट वाच, मी दोनदा लिहिणार नाही. शुक्रवारी सकाळी कामावर उभी होती ती उभ्याउभ्या खाली बसली. मी म्हटलं चक्कर असेल. तोंडावर पाणी मारलं, डोळे उघडले, तर पांढरं दिसायचं तिथं पिवळं. हळद कालवल्यासारखं. मुकादमीण सुद्धा घाबरली. तिला घाबरताना मी बावीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

तू आमच्या धुलाईघरात कधी पाऊल टाकलं नाहीस म्हणून सांगते. चादर धुऊन आली की ती गरम रोलरमध्ये घालायला दोघी लागतात. एक या टोकाला, एक त्या टोकाला, दोघींचा हात एकदम सुटला पाहिजे, नाहीतर चादर तिरकी जाते. मी आणि मधली, आमची जोडी. जोडीतली एक बसली की रोलर रिकामा फिरतो, आणि दुसरीला ओल्या बाजूला धाडतात, टबातली जड कापडं उपसायला. म्हणून कुणी बसत नाही. पाठ मोडली तरी गोळी घ्यायची आणि उभं राहायचं. गोळ्या आमच्याकडे सगळ्याच बायका खातात. पण पिवळी पडली ती एकटी मधली, कारण तिला एकटीलाच तुझ्यासारखी शहाणी बहीण होती.

डॉक्टरीण तरणी आहे, बोलायला तिखट. तिनं विचारलं, दिवसाला किती गोळ्या? मधली म्हणाली, दहा, कधी बारा. शिवाय सर्दीची पुडी. शिवाय गुडघ्याची लाल गोळी. डॉक्टरणीनं तिन्ही पाकिटं टेबलावर ओळीनं मांडली आणि मला म्हणाली, "बाई, तिघींच्या पोटात औषध एकच आहे. वेश तेवढा वेगळा." मग मधलीला विचारलं, इतकं खाताना भीती नाही वाटली? तर ही आपली भोळी सांब काय म्हणते? "माझी धाकटी बहीण बाटली देते ना. रोज एक पिते. तिच्यानं लिव्हर राखलं जातं." डॉक्टरणीनं छताकडे पाहिलं.

आता हाताला सुई लावून कसलंसं औषध थेंब-थेंब सोडतात. रोज रक्त काढतात. लिव्हर उभारी धरेल की नाही ते आठ-पंधरा दिवसांत कळेल म्हणतात. आणि ती निजलीय कुठं माहीत आहे? त्या दवाखान्याच्या चादरी आमच्याकडेच येतात. मी दाबलेल्या चादरीवर माझी बहीण पिवळी होऊन पडलीय.

तू म्हणशील, मी असं कधी म्हटलं? तर तुझं पत्र माझ्यापाशी आहे. माझ्या गोळ्यांच्या डब्याच्या झाकणाला आतून डकवलंय. डबा उघडला की तुझं अक्षर समोर. पाठ झालंय मला: "मधलीला रोज एक बाटली दे. यातले जिवाणू चांगले असतात. दुखण्याच्या गोळ्यांचा लिव्हरवर जो मार बसतो त्याला हे आवर घालतं, असं आम्हाला शिबिरात सांगितलं. आता काळजी नको." खाली तुझी वळणदार रेघ. आणि बाटलीवर चित्र काय, तर ढाल! हिरवी ढाल!

ढाल म्हणे. मधलीला काही झालं तर ती ढाल मी तुझ्याच डोक्यात घालीन.

काय उत्तर देतेस ते दे.

ताई


९ मार्च, सोमवार

ती. ताईस नमस्कार.

तुझं पत्र वाचून दोन दिवस दुकान उघडलं नाही. मधली कशी आहे, रक्ताचे आकडे काय आले, जेवण जातं का, हे काहीतरी लिहायचं होतंस. पानभर मलाच बडवलं आहेस, तिच्याबद्दल सहा ओळी.

ताई, माझ्या बाटलीनं तिला काही झालेलं नाही. ते मी स्वतः दुकानात आंबवलेलं दूध आहे, त्यात पोटाला चांगले असे जिवाणू. पोटाची तक्रार असलेल्या कितीतरी बायका माझ्याकडून नेतात. गोळ्यांबद्दल मी लिहिलं ते धंद्याच्या शिबिरात ऐकलं म्हणून लिहिलं. पण मी तेवढंच लिहिलं नव्हतं. पानाच्या मागच्या बाजूला काय आहे तेही वाच. मी घाईत नव्हते, सावकाश विचार करून लिहिलं होतं. ते वाचून मग मला काय बोलायचं ते बोल.

आणि डब्याचं तू लिहिलंस. गोळ्यांचा डबा तुझा, हे मला माहीत नव्हतं.

मी १६ तारखेला येते. आधीच निघाले असते, पण योगायोग बघ, त्याच दवाखान्याच्या कँटीनमध्ये माझ्या बाटल्या ठेवायचं जवळजवळ ठरलंय. १६ ला त्यांच्या कँटीनप्रमुख बाईंनी चव बघायला बोलावलंय. आठ महिने खेटे घालतेय. एका खेपेत दोन्ही होईल. तोवर मधलीला माझा निरोप सांग, आणि तिच्या डोक्यावरून माझ्या वाटणीचा हात फिरव.

तुझी,
धाकटी


१३ मार्च, शुक्रवार

धाकटे,

"एका खेपेत दोन्ही होईल." हे तू लिहिलंस? शाई सुकेपर्यंत तरी थांबलीस का? येणार बाटल्यांसाठी, आणि वाटेत बहीण मेली का जगली बघणार. देवदर्शनाला जाताना सुनेच्या माहेरी डोकवावं तसं.

तिचे आकडे मागतेस ना? घे. बुधवारी वाढले. गुरुवारी आणखी वाढले. आज तेवढेच आहेत, डॉक्टरीण म्हणते वाढले नाहीत हीच बातमी. अंगाला खाज सुटलीय, नखांनी ओरबाडून घेते, म्हणून मी तिची नखं कापली. जेवण म्हणजे दोन चमचे मऊ भात आणि त्यातला एक बाहेर. कालपासून दिवसाही झोपते. नर्स येऊन विचारते, "आज वार कोणता?" काल तिनं सांगितलं, रविवार. काल गुरुवार होता. मी बाहेर जाऊन भिंतीला डोकं टेकलं.

मागचं पान वाच म्हणे. पुढचं वाचूनच माझं पोट भरलं. वकिलीण कधीपासून झालीस? माणूस मरणाच्या दारात आणि ही म्हणते पान उलटा. जे खरं असतं ते पुढं लिहितात.

आता मी काय केलं ते ऐक. त्या दवाखान्याच्या कँटीनप्रमुख बाईला मी ओळखते. तिचे टेबलक्लॉथ आमच्याकडेच येतात. चहाचे डाग कुठले नि कुठले नाहीत ते मला पाठ. काल दुपारी गेले. तुझा नमुन्याचा खोका तिच्या कपाटावर होता, ढाली ओळीनं. मी म्हटलं, ह्या घेणार आहात? ती म्हणाली, हो, चांगली पोरगी आहे, चिकाटीची. मी म्हटलं, चिकाटी दाखवते थांबा. डब्याचं झाकण काढूनच नेलं होतं. तिच्या टेबलावर आपटलं. वाचा म्हटलं, मोठ्यानं वाचा. तिनं वाचलं. "आता काळजी नको"पर्यंत आली आणि चष्मा काढला. मग मी तिला जिन्यानं वर नेलं, वॉर्डच्या दाराच्या काचेतून मधली दाखवली. म्हटलं, ही बघा. हिनं काळजी केली नाही.

बाई खाली आली. खोका उचलला, दाराबाहेर ठेवला आणि हात धुतले. साबणानं.

तेव्हा १६ ला येऊ नकोस. चव बघून झाली. तुझे आठ महिने मी पाच मिनिटांत पुसले, आणि खरं सांगते, घरी जाताना पहिल्यांदा मला भूक लागली.

वॉर्डवर मी सांगून ठेवलंय, धाकटी आली तर आत सोडायची नाही. नवऱ्यानंतर नातेवाईक म्हणून माझंच नाव लिहिलंय, आणि तिचा नवरा मी सांगते तेच करतो, तुला ठाऊक आहे.

आता बसून बघ रिकाम्या दुकानात कसं वाटतं.

ताई


२० मार्च, शुक्रवार

ताई,

मी १६ ला आले होते. तुझं पत्र मला त्या दिवशी मिळालं नव्हतं, परत आल्यावर दारात पडलेलं होतं. म्हणजे मी सगळं तोंडावर ऐकलं, आधी वाचून नाही. कँटीनच्या दारात तीन शिकाऊ नर्स चहा पीत होत्या. त्यांच्यासमोर त्या बाई मला म्हणाल्या, "तुम्हाला लाज कशी वाटली नाही?" मी विचारलं, कशाची? त्यांनी खोक्याकडे बोट दाखवलं.

मग वर गेले. दारावरच्या नर्सनं विचारलं, "तुम्ही धाकट्या का? मग नाही." ती बिचारी अवघडली होती. काचेतून मधलीचे पाय दिसले फक्त. टाचा पिवळ्या होत्या. मी तिथंच बाकावर चार तास बसले. तू कामावर होतीस. आमच्या दोघींमध्ये एक काच, आणि ती काच तू लावलेली.

जाताना नर्सपाशी कोरे कागद, पेन आणि पत्ता लिहिलेली पाकिटं ठेवून आले, मधलीला बरं वाटेल तेव्हा द्या म्हणून. तेवढं तरी तू अडवलं नसशील.

एकच विचारते आणि पुन्हा विचारणार नाही. कँटीनच्या बाईंना तू माझं पत्र दाखवलंस, तेव्हा त्यांनी ते उलटून पाहिलं का? मी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "उलटणार कसं? पत्र्याला चिकटलेलं होतं."

ताई, तू माझं पत्र पत्र्याला चिकटवलंस?

धाकटी


२५ मार्च, बुधवार

प्रिय धाकटे,

अक्षर वाकडं आलं तर हसू नकोस, सुई उजव्या हाताला आहे. मी बरी आहे. म्हणजे जिवंत आहे आणि वार बरोबर सांगते. आज बुधवार. आकडे उतरायला लागले. डॉक्टरीण म्हणाली, लिव्हर सोशीक असतं, थोडं शिल्लक राहिलं तरी पुन्हा उभं राहतं, पण आता त्याचा अंत पाहू नका. मी म्हटलं, आमच्या घरात सोशीक तेवढी एकटीच, तिचाच अंत पाहतात. ती हसली. पहिल्यांदा हसली.

नर्सनं सांगितलं तू चार तास बसलीस. मला कुणी उठवलं नाही गं.

आता तुला सांगते ते तुझ्यापाशीच ठेव, ताईला कळवू नकोस. तिचं तुझ्यावर फार तापलंय. रोज येते, माझे पाय चेपते आणि चेपता चेपता तुला शिव्या देते. त्या लयीत मला झोप लागते. पण खरं असं आहे.

रोलरच्या खांबाला एक पत्र्याचा डबा टांगलेला असतो. सगळ्या बायकांच्या गोळ्या त्यात, जिला जे दुखेल तिनं ते मागून घ्यायचं. डबा ताईचा. ती सोडून कुणी उघडत नाही. तुझं पत्र आलं तेव्हा चहाची सुट्टी होती. ताईनं सगळ्यांना वाचून दाखवलं, मोठ्या रुबाबात, "माझ्या बहिणीचं पत्र". पुढची बाजू वाचली आणि भोंगा झाला. तिला तू ओळखतेस, भोंगा झाला की तिच्या लेखी जग संपतं. मागं काही आहे असं तिच्या मनातही आलं नसेल. म्हणाली, हे तर देव्हाऱ्यात ठेवायच्या लायकीचं आहे, आणि आमची खळ घेऊन झाकणाला आतून चिकटवून टाकलं. कांजीची खळ, कडक. त्या दिवसापासून तुझं पत्र म्हणजे परवानगी. माझी कंबर धरली की ताई झाकण उघडायची, पत्रावर बोट आपटायची आणि म्हणायची, "बाटली प्यालीस ना? मग घे अजून एक, आणि धर टोक."

ती वाईट नाही गं. आमची जोडी मोडली असती तर तिला ओल्या बाजूला धाडलं असतं. तिचा खांदा आधीच गेलेला आहे. हे ती कुणाला सांगत नाही. म्हणून मीही सांगितलं नाही की मला तीन आठवडे ओकाऱ्या होत होत्या. सकाळी नळाखाली उभी राहून तोंड धुवायचे. एकदा तिनं पाहिलं. म्हणाली, "कोमट पाण्यानं चूळ भर आणि चल." मी चूळ भरली आणि गेले.

तू मागं काय लिहिलं होतंस ते मला माहीत नाही. मी तरी कधी विचारलं? मलाही पुढचंच आवडलं होतं.

ताईला सांगू नकोस. तिच्यानं सोसवणार नाही.

मधली


३० मार्च, सोमवार

ताई,

मधलीनं मला लिहिलं. तुला सांगू नकोस असं म्हणाली आहे. तू तिच्याकडे मला जाऊ दिलं नाहीस, तर तिचं गुपित तरी मी का राखू?

गोळ्या तू दिल्यास. रोज, आपल्या हातानं, माझ्या पत्रावर बोट आपटून. बारा गोळ्या तू मोजून दिल्यास आणि पुरावा म्हणून माझं अक्षर दाखवत गावभर फिरलीस. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या.

मी मागं काय लिहिलं होतं ते मी तुला सांगणार नाही. सांगितलं तर म्हणशील, आता बनवून सांगते. झाकण कोमट पाण्यात घाल आणि स्वतः वाच. तुझीच खळ आहे, तुला माहीत असेल किती वेळ लागतो.

आणि वाचून झालं की मला कळव, घरी जाताना भूक लागली का.

धाकटी


६ एप्रिल, सोमवार

धाकटे,

पाऊण तास लागला. खळ मी घट्टच कालवली होती, आमच्या खळीची घडी आठ दिवस मोडत नाही. घमेल्यात कोमट पाणी घेतलं, झाकण पालथं बुडवलं, आणि समोर बसून राहिले. मधेच उपटायला गेले तर कोपरा फाटला. तेव्हा हात मागं घेतला. आयुष्यात पहिल्यांदा कुठल्या गोष्टीची वाट बघितली म्हण.

शाई पसरली होती, पण वाचता आलं. खाली उतरवते, म्हणजे मी नीट वाचलं ते तुला कळेल.

"पण ताई, हे अजून उंदरांवर पाहिलेलं आहे, माणसाचं लिव्हर यानं वाचतं असं कुणी सिद्ध केलेलं नाही. बाटली घेते म्हणून गोळ्या वाढवू देऊ नकोस. सर्दीच्या पुडीतही तेच औषध असतं, दोन्ही मिळून मोज. चार दिवसांत दुखणं थांबलं नाही तर गोळी थांबव आणि तिला डॉक्टरकडे ने. आणि ओकारी व्हायला लागली, जेवण जाईना, तर एक दिवसही थांबू नकोस."

तीनदा वाचलं. "ओकारी" ह्या शब्दापाशी आले की नळाखालची मधली दिसते. चूळ भर आणि चल. हे मी म्हटलं. खरं आहे. बारा गोळ्या मी दिल्या, हेही खरं. दुखणं तिचं होतं आणि घाई माझी. माझ्या खांद्याचं तिनं तुला लिहिलं असेलच, तिच्या पोटात काही राहत नाही, ना भात ना गोष्ट. तर हो, खांदा गेलाय. ओल्या बाजूला गेले असते तर महिन्याभरात घरी बसले असते. म्हणून तिला उभी ठेवली.

काय करायचं ते मी केलं. शनिवारी चहाच्या सुट्टीत सगळ्या बायकांसमोर मागची बाजू मोठ्यानं वाचली. भोंगा झाला तरी वाचत राहिले. मुकादमीण हाका मारत होती, म्हटलं थांब, एकदा अर्धं वाचून काय झालं ते बघतेस ना. मग डबा उचलला, गोळ्या सगळ्या दवाखान्याच्या खिडकीवर नेऊन दिल्या, आणि रिकामा डबा रोलरमध्ये घालायला निघाले होते. मुकादमीण आडवी आली, रोलर मोडेल म्हणून. तेव्हा पायानं चेपला. खांबाचा खिळा तेवढा ठेवलाय, रोज दिसावा म्हणून.

आणि मी स्वतःहून ओल्या बाजूला गेले. मधलीच्या जागी दुसरी कुणी समोरचं टोक धरून उभी राहिलेली मला बघवत नाही. खांद्याचं माझं मी बघीन.

वॉर्डवर तुला अडवायला सांगितलं होतं ते मागं घेतलं, उशिरा का होईना. मधली गुरुवारी घरी आली. कामावर सहा महिने नाही. डोळे अजून फिकट पिवळे आहेत, पण मला ओळखते आणि माझ्यावर हसते, हे वाईट. चिडली असती तर सोपं होतं. मी तिला म्हटलं, एक थोबाडीत मार. तर म्हणते, "हातात ताकद येऊ दे, मग बघू. उधारी नको." असली बाई आहे ती.

आता तू हसशील. हस. तुझा हक्क आहे. पोटभर हसून झालं की इकडे बघ, कारण मी तुला सोडलेलं नाही.

काल मी तुझी एक बाटली आणली. उरलेली एकच मधलीच्या खिडकीत होती. पुढं हिरवी ढाल, मोठ्या अक्षरात "लिव्हरची ढाल". मग मागं फिरवली. मागं मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात: "हे औषध नाही. कोणत्याही आजारावर उपाय असल्याचा दावा नाही." भिंगानं वाचावं लागलं. माझ्याकडे भिंग नाही, घड्याळजीकडे जाऊन वाचून आणलं.

म्हणजे बघ. पत्रात केलंस तेच बाटलीत केलंस. पुढं ढाल, मागं उंदीर. मी पान उलटलं नाही, हा माझा दोष, तो मी पायानं चेपला आणि डोक्यावर घेतला. पण गोड ते पुढं आणि कडू ते मागं लिहायला तुला कुणी सांगितलं? तू मला ओळखतेस. चाळीस वर्षं ओळखतेस. मी चौथीत शाळा सोडली, दोन पानांचं काही वाचत नाही, भोंगा झाला की उठते, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? तरी "आता काळजी नको" असं लिहून खाली रेघ ओढलीस आणि खरी काळजी मागं ठेवलीस. तुझ्या दुकानात येणाऱ्या बायका पान उलटणाऱ्या आहेत का? पाठ धरून, कंबर धरून येतात, ढाल बघतात आणि घरी जाऊन आणखी एक गोळी घेतात. त्यांच्यात कुठली मधली आहे, कुठली ताई आहे, तुला माहीत नाही. मला माहीत आहे.

कँटीनच्या बाईंकडे मी पुन्हा गेले. सांगितलं, मी अर्धं दाखवलं होतं, हे घ्या उरलेलं. ओला कागद तिच्या टेबलावर पसरला. तिनं वाचून म्हटलं, "मग पोरीला बोलावू का?" मी म्हटलं, नाही. अजून नाही. ती ढाल उतरेपर्यंत नाही. तेव्हा तुझे आठ महिने मी परत दिलेत असं समजू नकोस. ते माझ्या मुठीत आहेत आणि मूठ मी उघडायची तेव्हा उघडीन.

तुला काय करायचं ते सांगते, घोळ घालू नकोस. बाटलीवरची ढाल काढ. दुकानावरच्या फलकावरचीही काढ. तिच्या जागी, ढालीएवढ्याच अक्षरात, लिही: "ही बाटली दुखण्याच्या गोळ्यांपासून लिव्हर वाचवत नाही. गोळ्या मोजून घ्या." पुढं. मागं नाही. आंबवलेलं दूध चांगलं आहे ना? मग दूध म्हणून विक. पोटाला बरं वाटणाऱ्या बायका तरीही येतील. आणि मग इकडे ये, मधलीच्या समोर बस, आणि तू रेघ का ओढलीस ते तिला तोंडानं सांग. मी बारा गोळ्या का दिल्या ते मी सांगितलंय. ती ऐकून घेते. तिनं ऐकून घेतलं की आपल्या दोघींचं काय उरतं ते बघू.

नाही आलीस तर मी येईन. झाकण माझ्यापाशी आहे, चेपताना तेवढं बाजूला ठेवलं होतं. तुझ्या दुकानाच्या दारात ते एका हातात धरून उभी राहीन, दुसऱ्या हातात तुझं पत्र, दोन्ही बाजू दिसतील असं. मला उभं राहायची सवय आहे. बावीस वर्षं उभीच आहे.

१८ तारखेच्या शनिवारपर्यंत उत्तर हवं. एक दिवस वर गेला तर मी निघाले समज. आणि जे लिहायचं ते पुढच्या बाजूला लिही. मागं काही लिहू नकोस.

ताई